तात्यापाऱ्यातल्या सुशीलेचा पासपोर्ट

माझे भाऊजी शामराव चिंचाळकर रायपूरच्या तात्यापाऱ्यात सज्जन माणूस म्हणून ओळखले जातात. दारू नाही, तंबाखू नाही, कोणाशी तंटा नाही. गणेश मंडळाचे कायमचे कार्यवाह, आणि कोणाच्या घरी काही बरंवाईट झालं की सगळ्यात आधी हजर. मला हे गृहस्थ एक दिवसही आवडले नाहीत. हे सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढे कोणी मला निःपक्षपाती समजून फसायला नको.

गोष्ट त्यांची नाही, माझ्या ताईची आहे. पण ताईच्या कुठल्याही गोष्टीत ते ऐसपैस मांडी घालून बसलेलेच असतात, त्याला माझा इलाज नाही.

ताईचं नाव सुशीला. सुशीला वासुदेव हरदास, आर्वीची. आमच्या वडिलांची थोरली लेक, मॅट्रिक पास, आवाज असा की आमच्या वाड्याच्या गच्चीवरून तिनं मला हाक मारली की चौकातला पानवाला म्हणायचा, जा बाई ज्योती, बोलावणं आलं. तिला रायपूरच्या चिंचाळकरांकडे दिली तेव्हा मी करवली म्हणून सोबत आले होते. गृहप्रवेश झाला, लक्ष्मीपूजनाला बसवलं, पुढ्यात तांदळाचं ताट आलं आणि भाऊजींनी अंगठीनं तांदळात तिचं नवं नाव लिहिलं. विनोदिनी.

नाव बदलणं भागच होतं म्हणे. कारण तिच्या सासूचं नावही सुशीला. नवरा बायकोला ‘सुशीला’ म्हणून हाक मारणार कशी? आईचं नाव घेऊन? शिव शिव! आमच्याकडे अशा वेळी सुनेचं नाव बदलतात. सासूचं बदलायचं कधी कोणाच्या डोक्यात आलेलं नाही. आता नाव कुठलं ठेवायचं, हे ताईला कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी वाकून ताटात पाहिलं, छान छान म्हटलं, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी तेच तांदूळ भाताला घेतले. आर्वीची सुशीला तिथं संपली, आणि भात सगळ्यांनी पोटभर खाल्ला.

विनोदिनी म्हणून ती तीसेक वर्षं नांदली. सासूचं सगळं केलं, शेवटच्या आजारपणातलं अंथरुणावरचंही. गल्लीतल्या पोरींना शिवण शिकवलं. अभनपूरकडून भाजी घेऊन येणाऱ्या बायकांशी ती त्यांच्याच छत्तीसगढीत घासाघीस करायची, आणि त्याही तिला ‘दीदी’ म्हणून आधी तिच्याच दारात टोपली उतरवायच्या. आवाज मात्र बसत बसत गेला. चिंचाळकरांच्या घरात बायका मोठ्यानं बोलत नाहीत. रेशनकार्डावर विनोदिनी, मतदार यादीत विनोदिनी. पण ते तांदळातलं नाव सरकारदरबारी कुठं रीतसर नोंदवायचं असतं, हे ना भाऊजींना सुचलं ना कोणाला. आमच्यात कोण नोंदवतं? सुशीला हे नाव दोनच जागी उरलं, मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर आणि आर्वीचं घर विकलं तेव्हा तिला काढाव्या लागलेल्या बँकेच्या खात्यावर.

तिला एकच मुलगी, देवश्री. ती लग्न होऊन मॉरिशसला गेली. जावई निरंजन तिथं एका कापड गिरणीत इंजिनिअर. देवश्रीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोटातलं गेलं. तिसऱ्यांदा राहिले तेव्हा डॉक्टरांनी पलंगावरून खाली उतरायचं नाही असं बजावलं. निरंजन दिवसभर गिरणीत, शेजारीपाजारी वेगळीच भाषा, आणि ही पोरगी छताकडे बघत पडलेली. एका रविवारी तिचा फोन आला. रायपूरची मुलं आईशी अर्धं हिंदीतच बोलतात, तशीच ती बोलली. “आई, तू आ जा ना. मले लय भीती वाटून राहिली. मुझसे अकेले नहीं होगा.”

ताईनं फोन ठेवला आणि त्याच दुपारी माझ्याकडे आली; मी रायपुरातच शंकर नगरला राहते, शाळेत शिकवते. रिक्षातून उतरता उतरताच म्हणाली, “ज्योती, मले मॉरिशसले जायचं आहे. काय काय लागते ते पाहून दे.”

इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. बाळंतपण दिवाळीनंतर होतं आणि आषाढ नुकता लागला होता. मी म्हटलं, होऊन जाईल.

निरंजननं सगळं कळवलं. बेटावर उतरण्याआधी व्हिसा काढावा लागत नाही. पण परतीचं तिकीट हवं, जिथं राहणार त्या पत्त्याचं बोलावणं हवं, त्याच्या नोकरीच्या परवान्याची प्रत हवी. ते सगळं त्यानं लगोलग धाडलंसुद्धा. राहिला फक्त पासपोर्ट.

भाऊजींचा एक स्वभाव सांगायला हवा. ते कधीच ‘नाही’ म्हणत नाहीत. ते ‘पाहू’ म्हणतात. देवश्रीला कॉलेजात घालायचं होतं तेव्हा पाहू, ताईचे गुडघे दाखवायचे होते तेव्हा पाहू. या ‘पाहू’खाली माझ्या बहिणीचं अर्धं आयुष्य दबून गेलं. जेवताना ताईनं मॉरिशसचा विषय काढला तेव्हाही ते म्हणाले, “जाशील ना. नाही कोण म्हणते? पाहू.” आणि मग वरणात भात कालवता कालवता, “पण पासपोर्ट काहून लागते म्हणतो मी? अंदमानले तर लागत नाही. तेही बेटच आहे. आणि मॉरिशसमंधी तर सगळे आपलेच लोक आहे, गणपती बसवते.”

मी समोरच बसले होते. म्हटलं, “भाऊजी, तुम्ही विमानतळावर असंच सांगून पाहा.”

“तुझं आपलं नेहमीचंच तोंड,” ते म्हणाले.

कलेक्टर कचेरीत एका खिडकीवर पासपोर्टाचे अर्ज घेत होते. राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती, रायपूर राजधानी झालं होतं. पाट्यांवरचं मध्यप्रदेश पुसून त्यावर छत्तीसगढ रंगवलेलं, आणि ऊन तिरपं पडलं की खालचं मध्यप्रदेश पुन्हा दिसायचं. खिडकीमागच्या बाईंनी ताईचे कागद चाळले आणि विचारलं, “सुशीला कौन? विनोदिनी कौन?”

“दोनों मैं,” ताई म्हणाली.

“दोनों आप कैसे?”

आता हे खिडकीतून कसं समजवायचं? मराठी लोकांत लग्नात नाव बदलतात, सासूचं नाव तेच होतं, तांदळाचं ताट होतं. मागे रांग उभी. बाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की जन्मतारखेचा पुरावा एका नावाचा आणि राहण्याचा दुसऱ्या नावाचा, असं चालत नाही. विनोदिनी नावानं पासपोर्ट हवा तर नवराबायकोनं मिळून शपथपत्र करायचं, की सुशीला आणि विनोदिनी ही एकच बाई, आणि दोन वर्तमानपत्रांत तशी जाहिरात द्यायची.

एवढंच. एक सही. मी नोटरीकडून कागद टाइप करून आणला आणि संध्याकाळी भाऊजींपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि असा बाजूला सरकवला, जसं काही त्याला उष्टं लागलं होतं.

“सुशीला उर्फ विनोदिनी? माझ्या आईचं नाव माझ्या बायकोले लावू मी? अन् पेपरात छापू?”

“लावायचं काय, तिचं आहेच ते,” मी म्हटलं.

“या घरात सुशीला एकच होऊन गेली. माझी आई.”

“अहो, एका सहीचं काम आहे,” ताई म्हणाली. “पोट्टी एकटी पडून आहे तिकडे.”

“पाहू,” भाऊजी म्हणाले आणि आरतीच्या मीटिंगला निघून गेले.

त्यांनी पुढे महिनाभर पाहिलं. कागद टीव्हीवर पडून राहिला. ताई रोज त्यावरची धूळ पुसून तो पुन्हा तिथंच ठेवायची. मी ओरडले की मलाच म्हणायची, “करतील गं. आईचं लय होतं त्याईले.” आईचं लय होतं! त्या आईचं हगणंमुतणं दोन वर्षं कोणी काढलं? त्यांच्या विनोदिनीनंच ना?

शेवटी मी पुन्हा खिडकीवर गेले, तेव्हा त्याच बाई म्हणाल्या की मग माहेरच्या नावानंच अर्ज करा. लग्न झालेल्या बाईनं नाव बदललंच पाहिजे असं कुठं लिहिलंय? जन्माला मॅट्रिकचं सर्टिफिकेट, पत्त्याला बँकेचं पासबुक, त्यावर तात्यापाऱ्याचा पत्ता आहेच. नवऱ्याचं नाव त्या रकान्यात भरा, त्याची सही लागत नाही.

ताईनं माझ्या डायनिंग टेबलावर बसून अर्ज भरला. सुशीला वासुदेव हरदास. सही करायची वेळ आली तशी ती थांबली, दोनदा कोऱ्या कागदावर करून पाहिली आणि मग अर्जावर केली. फोटो चिकटवताना म्हणाली, “ही बाई लय दिवसानं दिसून राहिली.” आणि हसली, आर्वीत हसायची तशी मोठ्यानं. मला वाटलं, आता कोणाच्या बापाची अडवायची टाप नाही. बापाची नव्हतीच, पण नवऱ्याची होती.

अर्ज गेला. आता पोलीस घरी येऊन चौकशी करतील, मग पासपोर्ट येईल, असं सांगितलं होतं. आम्ही वाट बघत होतो. श्रावण गेला, गणपती आले आणि गेले. ताई रोज देवश्रीला सांगायची, येऊनच राहिला पोलीसवाला. एक दिवस आम्ही दोघी पंडरीच्या कापडबाजारात गेलो, बाळाच्या दुपट्यांसाठी मलमल घ्यायला. ताई तर नको म्हणत होती, आधी घेऊ नये, दोनदा असं झालं आहे. मीच ओढून नेलं. पांढरी मलमल तिनं गालाला लावून पाहून घेतली. संध्याकाळी परतलो तेव्हा भाऊजी पेपर वाचत होते. चहा मागितला. कोणी आलं होतं का, असं ताईनं विचारलंसुद्धा. “कोण येते?” ते म्हणाले.

नवरात्र आलं तरी काही नाही. देवश्रीला सहावा सरून सातवा लागला. मी ताईला घेऊन खिडकीवर गेले. बाईंनी फाईल काढली, वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “ये तो वापस आ गई. आवेदिका की मृत्यु हो चुकी है.”

“किसकी?”

“सुशीला हरदास की. पुलिस रिपोर्ट में लिखा है. आप उनकी बहन हैं ना? आपको नहीं मालूम?”

ताई माझ्या शेजारी उभी होती. हातात पिशवी, पिशवीत कोथिंबीर. ती पुढे झाली आणि अगदी साधेपणानं विचारलं, “मैं? कब?”

बाईंनी कपाळाला हात लावला. मागे रांगेत कोणीतरी हसलं. मला आजही त्या हसणाऱ्याचं थोबाड रंगवावंसं वाटतं, पण खरं म्हणजे त्याची चूक नव्हती. रांगेत उभं राहून ऐकलं असतं तर मीही हसले असते.

घरी आलो. भाऊजींना विचारलं. ते गडबडले नाहीत. “हां, आला होता एक शिपाई. विचारत होता, सुशीला कोण? मी म्हटलं माझी आई, वारली. खोटं काय बोललो?”

“अन् आम्हाला सांगितलं काहून नाही?” मी विचारलं.

“ध्यानात नाही राहिलं.”

मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ताईनं मला गप्प केलं. “चुकलं त्याईचं. घरात ते नाव म्हटलं की सासूबाईच आठवते सगळ्यांले. मलेही आठवते.” तात्यापाऱ्यात तर हा विनोदच झाला. शामरावांनी बायकोला सरकारी कागदावर मारून टाकलं म्हणे, काय पण भोळा माणूस! मंडळातले लोक त्यांच्या पाठीवर थाप मारायचे आणि भाऊजी लाजल्यासारखं हसायचे. जरा छानच वाटत होतं त्यांना.

माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायला ठाण्यात जावं लागतं. ज्या शिपायानं रिपोर्ट लिहिला होता तो साहू नावाचा, नाकासमोर चालणारा माणूस निघाला. त्यानं ताईला पाहिलं आणि खुर्चीतून उठलाच. तिचा चेहरा त्याच्या ओळखीचा होता.

“अरे, फोटो तो आप ही का था,” तो म्हणाला.

“कौन सा फोटो?” मी विचारलं.

“फॉर्म पर जो लगा था. मैंने दिखाया था घर पर साहब को. ऐसे ही थोड़ी लिख देंगे, दीदी. मैंने फोटो सामने रखा, पूछा, ये हैं सुशीला? आपकी घरवाली हैं क्या? देखते रहे, देखते रहे. फिर बोले, नहीं, सुशीला मेरी माँ थी, गुजर गई. फोटो एजेंट ने गलत चिपका दिया होगा.”

ठाण्याच्या त्या खोलीत पंखा फिरत होता. मला ताईकडे बघायचं धाडस झालं नाही. मला हवं होतं तेच झालं होतं. इतकी वर्षं मी सांगत होते हा माणूस असा आहे, आणि आता एक परका शिपाई पुराव्यानिशी सांगत होता. पण जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

“देखते रहे?” ताईनं विचारलं.

“हव, दीदी. अच्छे से देखे.”

तिनं मान हलवली. मग विचारलं की आता काय करायचं. साहू म्हणाला, पतीचं बयान मिळालं तर आजच दुरुस्त करतो. ताई म्हणाली, “उनको छोड़िए. उनके बिना कैसे होगा, वो बताइए.”

तर दोन शेजारी हवे होते, ही सुशीला आहे असं लिहून देणारे. आणि इथंच पंचाईत झाली. अख्ख्या तात्यापाऱ्यात तिला सुशीला म्हणून ओळखणारं एकही माणूस नव्हतं. मी बहीण, शंकर नगरची, माझी सही शेजारी म्हणून चालेना. पोटच्या पोरीसारख्या ज्या मुलींना तिनं शिवण शिकवलं त्यांच्यासाठीही ती विनोदिनी काकूच होती. शेवटी बाजूच्या पद्मिनीबाई आल्या. भिंतीला भिंत लागून राहिलेल्या. म्हणाल्या, “मले तर आजच समजलं बाई तुझं नाव. पण तू ते तूच आहेस न?” आणि सही केली. दुसरी सही कोपऱ्यावरच्या चक्कीवाल्या अच्युतनं केली. “भाभीजी जो नाम बोलेंगी, वही,” तो म्हणाला, पिठाचे हात पुसत. भाऊजी तेव्हा दारापुढच्या ओट्यावर उभे होते. त्यांनी पाहिलं आणि आत गेले.

त्या रात्री तिनं त्यांना काय विचारलं, विचारलं की नाही, मला माहीत नाही. मला एवढंच बोलली, “माणूस एकटा राहाले भीत असंल.” मी म्हटलं, भिऊ दे. तिकडे पोरगी भीत नाही का? दुसऱ्या दिवसापासून तिनं आपलं बस्तान ओट्यावर हलवलं. भाजी निवडणं ओट्यावर, तांदूळ पाखडणं ओट्यावर, शिवणाचं मशीनसुद्धा दारात. पोस्टमन येईल आणि दार भाऊजी उघडतील, ही जोखीम तिला घ्यायची नव्हती. सकाळपासून पोस्टमनची वेळ टळेपर्यंत ती आपल्याच घराच्या दारात राखण करत बसायची, आपल्याच नवऱ्यापासून. आतून हाक आली तर म्हणायची, “घ्या की हातानं.” ती मोठ्यानं म्हणायची. गल्लीला ऐकू जायचं. भाऊजी हातानं घ्यायला लागले. चहाची साखर कुठं असते हे त्यांना त्या दिवाळीत पहिल्यांदा कळलं.

दिवाळी झाली. पासपोर्ट आला नाही.

निरंजनचा फोन माझ्या घरी आला, दुपारचा. त्यानं मुद्दामच मला केला. देवश्रीच्या पोटात अचानक दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं, आठव्यातच बाळंत झाली. मुलगा. दोन दिवस काचेच्या पेटीत होता. मग गेला.

आई तिथं असती तर पोर वाचलं असतं असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही असं काही सांगितलं नाही. पण दुखायला लागलं तेव्हा निरंजन गिरणीत होता, आणि माझी भाची एकटी जमिनीवर सरपटत फोनपर्यंत गेली होती. त्या सरपटण्याचा हिशेब मी शामराव चिंचाळकरांच्या नावावर मांडलेला आहे, आणि तो मी मरेपर्यंत पुसणार नाही.

मी तात्यापाऱ्यात गेले. ताई ओट्यावर मेथी निवडत होती. माझा चेहरा पाहूनच तिनं टोपली बाजूला ठेवली. मी सांगितलं. ती रडली नाही. “पोट्टी कशी आहे?” तिनं विचारलं. म्हटलं, ठीक आहे, अशक्त आहे, कोणाशी बोलत नाही. “जेवते का?” म्हटलं, निरंजन म्हणतो, नाही.

भाऊजी मात्र रडले. आतल्या खोलीत, तोंडावर पंचा धरून, हुंदके देऊन. मी पाहिलं. खरंच रडत होते. मला जराही दया आली नाही.

ताई मेथी निवडायला परत बसली. दुसऱ्या दिवशीही बसली, तिसऱ्याही. पद्मिनीबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हिच्या डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना? आता कशाची वाट पाहून राहिली?

त्याच आठवड्यात, शनिवारी, अर्धी शाळा करून मी तिच्याकडे गेले, तेव्हा पोस्टमन ओट्याशी उभा होता. “सुशीला हरदास?” “मैं हूँ,” ताई म्हणाली, आणि तिनं सही केली. लिफाफा फाडला. निळी वही काढली, पहिलं पान उघडून पाहिलं, मला दाखवलं.

भाऊजी बाहेर आले. ती ओट्यावर बसलेली असताना बऱ्याच दिवसांनी त्यांनी दारात पाऊल टाकलं होतं. त्यांनी हात पुढे केला, तिनं पासपोर्ट दिला, त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. नाव वाचलं. मग अगदी मायेनं, म्हणजे त्यांच्या परीनं मायेनं, तो मिटवला.

“आता याचं काय करते?” ते म्हणाले. “कशाले त्रास घेते एवढा? ज्याच्यासाठी जायचं होतं ते तर राहिलंच नाही.”

मी तोंड उघडणार होते. ताईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“म्हणजे तुम्हाले वाटत होतं मी नातवासाठी जाऊन राहिली होती?” तिनं विचारलं. “इतके महिने?”

ते बघत राहिले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. त्या क्षणी मला ते दिसलं, आणि त्यांच्या खोटेपणापेक्षा त्याचाच मला जास्त संताप आला.

“मी माझ्या पोट्टीसाठी जाऊन राहिली होती,” ताई म्हणाली. “ती आहे न अजून. उपाशी पडून आहे तिथं.”

तिनं त्यांच्या हातातून पासपोर्ट काढून घेतला, पदराला पुसला आणि मला म्हणाली, “ज्योती, चल तुझ्या घरी. निरंजनले फोन लाव. पहिलं तिकीट कधीचं भेटते ते विचार.”